चूल बदलायची, पण कोणती?

आजच्या भागाचा विषय चूल आहे हे मित्रांना सांगितलं तर दोघं हसले. एक म्हणाला, "अबे, आता कोण चुलीवर बोलते? घरोघरी सिलिंडर आहे." दुसरा म्हणाला, "हायवेवर बोर्ड असतो ना, चुलीवरचं मटण, त्याच्यावर बोलतो का?"

हायवेवरच्या चुलीवर नाही बोलणार. आपल्या घरच्या चुलीवर बोलणार आहे. भंडारा जिल्ह्यातल्या खेड्यातून पुण्याला, नागपूरला, हैदराबादला गेलेले जेवढे पोट्टे-पोट्टी हे ऐकत असतील, त्यांनी एक काम करा. आज घरी फोन लावा आणि विचारा, "सकाळी आंघोळीचं पाणी कशावर तापलं? भात कशावर शिजला?" गॅस असलेल्या घरातूनही "चुलीवर" हेच उत्तर येण्याची शक्यता मोठी आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी झाली २०१९ ते २०२१ मध्ये. तेव्हा देशाच्या ग्रामीण भागात स्वयंपाकासाठी मुख्यतः स्वच्छ इंधन, म्हणजे गॅस, वीज, गोबरगॅस वगैरे वापरणारी घरं शंभरात साधारण त्रेचाळीस निघाली. त्यातही 'मुख्यतः' हा शब्द महत्त्वाचा. ज्या घरात मुख्यतः गॅस आहे, त्या घरातही मागच्या पडवीत चूल असतेच. आमच्या घरी आहे.

उज्ज्वला योजना सुरू झाली १ मे २०१६ ला, उत्तर प्रदेशात बलियाला. आठ कोटींवं कनेक्शन दिलं गेलं ते आपल्या महाराष्ट्रात, तेव्हाच्या औरंगाबादला, ७ सप्टेंबर २०१९ ला. कनेक्शन पोहोचलं, यात वाद नाही. पण उज्ज्वलाचं एक घर वर्षाला सरासरी किती सिलिंडर भरून घेतं? सरकारचाच आकडा आहे: २०१९-२० मध्ये तीन, २०२३-२४ मध्ये चारच्या थोडं आत. पाच माणसांच्या घराला सगळा स्वयंपाक गॅसवर करायचा तर चार सिलिंडरमध्ये वर्ष निघत नाही. मग उरलेलं जेवण शिजतं कशावर? उत्तर तुम्हाला माहीत आहे.

आता लोक म्हणतात, बायकांना सवयच तशी, चुलीशिवाय जमत नाही. मला हे पटत नाही. हिशोब करून बघा ना. सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. त्याची उष्णता, शेगडीत वाया जाणारी वजा करून, जुन्या मातीच्या चुलीशी ताडून पाहिली तर एक सिलिंडर म्हणजे ढोबळमानाने दोनशे किलो सुकं लाकूड. आमच्याकडे ते दोनशे किलो बांधावर पडलेलं असतं, तुराट्या असतात, बाभळीच्या फांद्या असतात, गोवऱ्या थापलेल्या असतात. रोख पैसा जात नाही. धान विकल्यावर हातात पैसा येतो तो एकदा-दोनदा, आणि सिलिंडर संपतो भर पावसाळ्यात, रोवणीच्या मजुरीच्या वेळेला. तेव्हा माय चूल पेटवते. हे अडाणीपण नाही, हा हिशोब आहे. फक्त त्या हिशोबात एक खर्च मांडलेला नसतो. तो आहे तिच्या छातीचा.

आमच्या आईला मागच्या दोन हिवाळ्यांत खोकला सुटेना. सकाळी उठली की आधी पाच मिनिटं खोकला, मग चहा. डॉक्टरांनी फुंकायचं यंत्र तोंडाला लावलं, जोरात श्वास सोडायला सांगितला, कागदावरचा आलेख बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "बिडी पिता का?" आई इतकी चिडली की विचारू नका. बाहेर आल्यावर म्हणाली, "मले बिडी पिता का म्हणते तो डाक्टर!"

पण त्यांचा प्रश्न बरोबर होता. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका हळूहळू अरुंद होत जाण्याचा आजार, आपण विडी-सिगारेटवाल्यांचा समजतो. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासोबत २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याच विषयावर लिहिलं होतं, की धूम्रपान न करणाऱ्यांनाही हा आजार मोठ्या प्रमाणात होतो, आणि त्याचं जगातलं एक सगळ्यात मोठं कारण म्हणजे लाकूड-शेण जाळल्याचा धूर. डॉक्टरांनी दुसरा प्रश्न विचारला, "चुलीवर किती वर्षं?" आईनं बोटं मोजली. लहानपणी धाकट्या भावंडांसाठी रांधायची तेव्हापासून. चाळीस वर्षं पुरी.

धुरात नेमकं काय असतं ते थोडक्यात सांगतो. डोळ्यांत पाणी येतं तो त्रास दिसतो. पण खरा त्रास न दिसणाऱ्या कणांचा. पीएम २.५ हा शब्द दिल्लीच्या बातम्यांत ऐकला असेल. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, आपल्या केसाच्या जाडीच्या पंचवीस-तीस पट लहान. नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. आपल्या देशात हवेतल्या या कणांची चोवीस तासांची मर्यादा आहे ६० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची आणखी कडक, १५. बंद रांधणखोलीत चूल पेटलेली असताना हा आकडा शेकड्यांत तर जातोच, हजारांतही जातो. कर्क स्मिथ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर यंत्रं लावून हे मोजलं होतं. त्याच्या आधी जगाला वाटायचं, प्रदूषण म्हणजे कारखान्याची चिमणी. दिल्लीची हवा बिघडली की टीव्हीवर चर्चा होते. तुमसरच्या किंवा लाखांदूरच्या एखाद्या रांधणखोलीत तेवढीच हवा रोज दोन वेळा असते, तिथे कोणी कॅमेरा नेत नाही.

बरं, धूर नको ही अक्कल काही आपल्याला आत्ता सुचलेली नाही. आपल्या शेजारच्या वर्ध्यात, मगनवाडीत, गांधीजींच्या पुढाकारानं १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला. जे. सी. कुमारप्पा तिथलं काम बघायचे. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या, आणि त्याच कामातून १९४० च्या दशकात आली 'मगन चूल'. मातीचीच, पण धूर बाहेर नेणारी. १९५० च्या दशकात हैदराबादच्या इंजिनिअरिंग संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनीही बिनधुराची चूल केली. म्हणजे देश स्वतंत्र होत होता तेव्हापासून आपण चूल सुधारतोय.

मग आली सरकारी मोहीम. १९८३ मध्ये राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू झाला आणि २००२ मध्ये बंद पडला. कागदावर तीन कोटींहून जास्त चुली बसल्या. आपल्या महाराष्ट्रात पुण्याच्या 'आरती' संस्थेनं, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांच्या ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटनं, यात पुष्कळ काम केलं. 'लक्ष्मी' नावाची दोन भांड्यांची, धुराड्याची चूल तिथलीच. साचे बनवले, गावोगावच्या बायकांना, कुंभारांना शिकवलं. चांगली चूल होती ती. पण देशभरात एकूण बघितलं तर बसवलेल्यांपैकी किती चुली दोन-तीन वर्षांनी चालू होत्या, हा प्रश्न विचारला की लोक गप्प होतात. अनुदान चूल बसवण्याला होतं, चालवण्याला नव्हतं. तडा गेला की कोणी लिंपायला येत नव्हतं. धुराडं काजळीनं बुजलं की धूर उलटा घरात, आणि मग घरची बाई वैतागून पाईप उपटून ठेवायची. आमच्या गावात अशा पाईपांवर वेली चढलेल्या मी पाहिल्यात. कारल्याला बरा आधार होतो.

हाच धडा ओडिशात एका मोठ्या अभ्यासानं दिला. रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकल ग्रीनस्टोन यांनी तिथे सुधारित चुली मिळालेल्या घरांचा चार वर्षं पाठपुरावा केला. डुफ्लो म्हणजे ज्यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्याच. पहिल्या वर्षी बाईच्या श्वासातला धूर कमी झाला. पुढे फरक मिटला. लोक चूल नीट वापरत नव्हते, दुरुस्त करत नव्हते, हळूहळू वापरच कमी झाला. प्रयोगशाळेत छान चालणारी चूल स्वयंपाकघरात हरली.

हे सगळं वाचून मी घरी गेलो तेव्हा एक गोष्ट मनात पक्की होती. नुसती ऑनलाइन एखादी चकचकीत स्टीलची चूल मागवून आईपुढे ठेवायची नाही. तशा चुली वाईट नाहीत हं. भारतीय मानक आहे त्यांच्यासाठी, आयएस १३१५२. त्यानुसार साध्या ओढीच्या चुलीनं लाकडातल्या उष्णतेपैकी किमान २५ टक्के भांड्याला दिली पाहिजे, आणि छोटा पंखा लावलेल्या चुलीनं ३५ टक्के. आपली जुनी तीन दगडांची किंवा मातीची चूल देते दहा ते पंधरा टक्के. म्हणजे मोळीतल्या दहा काड्यांपैकी आठ-नऊ काड्या वारा, भिंत आणि कवेलू तापवण्यात जातात. पण अशा पोर्टेबल चुलीत लाकूड हातभर बारीक करून घालावं लागतं. आमचा भाताचा गंज आहे सहा-सात किलोचा, मंडईच्या दिवसांत पाहुणे आले की त्याहून मोठा. तो त्या चुलीवर ठेवला की डुगडुगतो. आणि मुख्य म्हणजे तिला धुराडं नसतं. धूर कमी होतो, पण राहिलेला घरातच.

आई आधीच म्हणून बसली होती, "माह्या चुलीले हात नाही लावायचा." तिची कारणं मी लिहून घेतली. भात खाली लागत नाही. थंडीत रांधणखोली उबदार राहते. धुरामुळे वरच्या लाकडांना कीड लागत नाही, बियाण्याची कणसं टांगलेली असतात त्यांना पोरकिडा लागत नाही. डास येत नाहीत. आता डासांचं सोडा, धुरामुळे मलेरिया टळतो असा ठोस पुरावा नाही. पण बाकीची कारणं खोटी नव्हती. जी वस्तू चार कामं करते, तिच्या जागी एकच काम करणारी वस्तू आणली तर ती कोपऱ्यात पडणारच.

बाजूच्या गावात एक मावशी आहेत. नव्वदच्या दशकात सरकारी प्रशिक्षणात चुली घालायला शिकलेल्या. आता साठी ओलांडलीय, पण हात चालू आहे. त्या आल्या. मला वाटलं, चूल बघतील. त्यांनी चुलीकडे पाहिलंच नाही. आईला म्हणाल्या, "बाई, तुझा रोजचा गंज दाखव. आन् तवा." सुतळीनं गंजाचा घेर मोजला, गाठ मारली. मग विचारलं, बसून रांधतेस की उभ्यानं, लाकूड कोणतं असतं, माणसं किती, पाहुणे केव्हा येतात. वारा कोणत्या बाजूनं येतो ते बाहेर जाऊन पाहिलं. अर्धा तास नुसते प्रश्न. मी आयटीवाल्या मित्रांना सांगितलं की यालाच तुम्ही युझर रिसर्च म्हणता आणि त्याचे लाखभर रुपये घेता.

चूल कशी घातली ते सांगतो, कारण ऐकणाऱ्यांपैकी कोणी घालणार असेल तर उपयोगी पडेल. विटा घरच्याच, पडलेल्या भिंतीच्या. चाळलेली माती, शेण आणि धानाचा कोंडा एकत्र तुडवून दोन दिवस मुरवलं. कोंड्यामुळे माती हलकी होते, उष्णता कमी खाते. जुन्या चुलीची जाड भिंत आधी स्वतः तापायची, मग भांड्याला द्यायची. इथे जळणाच्या पोकळीभोवती दुहेरी भिंत, मध्ये कोरडी राख भरलेली. राख उष्णता अडवते. पोकळीतली आग जितकी गरम, तितका धूर कमी, कारण धूर म्हणजे न जळालेलं इंधनच. पिवळा-काळा धूर दिसतो तेव्हा आपलं सरपण कवेलूतून उडून जात असतं. तळाला लोखंडी जाळी, म्हणजे हवा खालून निखाऱ्याला लागते आणि राख खाली पडते. फुंकणीचं काम बरंच संपतं. अमेरिकेत लॅरी विनियार्स्की यांनी १९८० च्या दशकात 'रॉकेट' चुलीची मांडणी केली, तिची तत्त्वं हीच: लहान गरम पोकळी, खालून हवा, आणि भांड्याला चिकटून जाणारा जाळ. मावशींना विनियार्स्की माहीत नाही. त्या म्हणतात, "जाळ गंजाले चाटला पाह्यजे, भिताडाले नाही."

पहिल्या तोंडावर भाताचा गंज. तिथून जाळ आणि गरम हवा सरकते दुसऱ्या तोंडाखाली, जिथे जुन्या वैलासारखं वरण किंवा दूध मंद आचेवर. तिथून धुराड्यात. भांडं तोंडावर नीट बसलं पाहिजे, म्हणून ती सुतळी. फट राहिली तर धूर तिथूनच बाहेर येतो आणि धुराड्याची ओढ मोडते.

धुराडं हा सगळ्यात नाजूक भाग. आमचं छप्पर कवेलूचं, खाली सागाचे वासे. पाईप वाशाला टेकून नेला तर आग लागायची भीती, म्हणून वासे टाळून, भोवती पत्र्याची कॉलर आणि हातभर अंतर ठेवून नेला. छपराच्या वर चांगला दोन फूट काढला, वर टोपी बसवली, म्हणजे पावसाचं पाणी आणि उलटा वारा आत येत नाही. एक सांगतो, जुन्या योजनेतले करड्या रंगाचे सिमेंटचे पाईप घरात पडले असतील तर ते करवतीनं कापू नका. त्यातल्या बऱ्याच पाईपांत ॲस्बेस्टॉस असायचं आणि त्याची धूळ चुलीच्या धुराहून वाईट. पत्र्याचा नवीन पाईप घ्या. जाळी, पाईप, टोपी आणि मावशींची मजुरी धरून आमचा खर्च अडीच हजारांच्या आत झाला.

चूल दहा-बारा दिवस वाळू दिली. बारीक तडे गेले, आईनं स्वतः लिंपले. तिसऱ्यांदा लिंपताना ती मला म्हणाली, "मावशीनं तोंड जरा लहान ठेवलं, पण बरं आहे." तेव्हा मी ओळखलं की चूल आता तिची झाली.

आता फरक. जुन्या चुलीला मी आठवडाभर सरपण काट्यावर तोलून दिलं होतं. दिवसाला सरासरी सात किलो. नवीन चुलीला महिन्याभरानं तोललं, साडेचारच्या आसपास. निम्मं झालं नाही. निम्मं होतं असं जाहिरातीत वाचाल, पण रोजच्या रांधण्यात लाकूड ओलं असतं, मध्येच कोणी हाक मारतं, जाळ उगाच चालू राहतो. तरी रोज अडीच किलो कमी, म्हणजे महिन्याला पाऊणशे किलो. डोक्यावरच्या तीन-चार मोळ्या. आमच्याकडे मोळीचा विषय नुसता कष्टाचा नाही. नागझिरा, कोका, पवनीकडचं जंगल. सरपणाला, मोहफुलाला पहाटे गेलेल्या माणसांवर वाघाचा, अस्वलाचा हल्ला झाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. जंगलाच्या एका फेरीचा धोका कमी झाला तर तोही हिशोबात धरायला पाहिजे.

रांधणखोलीच्या भिंती चुन्यानं पांढऱ्या केल्या, तीन महिन्यांनी अजून पांढऱ्याच आहेत. धूर संपला का? नाही. पेटवताना पहिली पाच मिनिटं येतोच. आणि धुराड्यातून जो जातो तो अंगणात, शेजारच्या काकूंच्या दारात उतरतो. सगळ्या गावाच्या धुराड्यांचा धूर गावातच राहतो. म्हणून मी हिला धुरापासून सुटका म्हणत नाही. छातीसाठी गॅस किंवा विजेची शेगडीच सगळ्यात बरी, यात डॉक्टरांचं आणि माझं एकमत आहे. आमच्या घरी आता चहा, भाजी, रात्रीचं गरम करणं गॅसवर होतं. भात आणि पाहुण्यांचा स्वयंपाक चुलीवर. उज्ज्वलाच्या सिलिंडरवरची सबसिडी ऑक्टोबर २०२३ मध्ये तीनशे रुपये झाली. ज्यांच्या घरी कनेक्शन आहे पण सबसिडी खात्यात येत नाही, त्यांनी आधार आणि बँक खातं जोडलेलं आहे का ते आधी तपासा. आणि शहरात कमावत असाल तर वर्षाला दोन सिलिंडर तुमच्याकडून. दिवाळीच्या साडीपेक्षा मोठी भेट आहे ती. हे मात्र आईला विचारू नका, ती नाहीच म्हणेल.

बियाण्याच्या कणसांचं काय केलं, असं कोणी विचारेल. ती आता कोठीत, वाळवलेल्या कडुलिंबाच्या पाल्यात आहेत. टिकतात का ते रोवणीच्या आधी कळेल. वाशांना मात्र तेल-पाणी करावं लागणार, धुराचं ते काम आता आपल्या अंगावर आलं.

आईच्या खोकल्याचं सांगायचं राहिलं. औषध चालू आहे, फुंकायच्या यंत्राची पुढची तपासणी पावसाळ्याआधी आहे. चाळीस वर्षांत अरुंद झालेल्या नळ्या चूल बदलल्यानं पूर्ववत होत नाहीत, हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलंय. पुढचं बिघडणं मंदावावं, एवढंच मागायचं आहे. सकाळचा खोकला पाच मिनिटांवरून दोनवर आलाय असं ती म्हणते. मी घड्याळ लावलेलं नाही.

आणि हो, धुराडं महिन्यातून एकदा साफ करावं लागतं. बांबूला गोणपाट गुंडाळून वरून ढवळायचं, खाली काजळी पडते ती टोपल्यात धरायची. ते काम घरात कोणाचं, हे चूल घालतानाच ठरवून टाका. आमच्याकडे ते धाकट्या भावाकडे आहे आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी आई त्याला उठवते. ज्या रविवारी तो उठत नाही, त्या दिवशी चहा मिळत नाही.

आंघोळीचं पाणी अजून अंगणातल्या तीन दगडांवरच तापतं. त्याच्यावर पुढच्या भागात बोलू, बंब आणि सौर हीटर दोन्हींचा खर्च घेऊन येतो.